राजधानीत टेकायला जागा द्या : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय पर्यटनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,


परभणीचा माणूस मुंबईला जातो तो दोन कारणांनी. मंत्रालयात फाइल असते म्हणून, नाहीतर टाटात पेशंट असतो म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मुलांना घेऊन मुंबईला निघालो, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी आवाज खाली करून विचारलं, "कोणाला दाखवायचंय?" कोणाला नाही, मुलांना मुंबई दाखवायचीय, असं सांगितलं तरी त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी लगेच गेली नाही. "नुसतं बघायला?" एकीनं विचारलं. "एवढा खर्च करून?"

हे पत्र या 'नुसतं बघायला' येणाऱ्यांविषयी आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझी मुलगी पाचवीत आहे, मुलगा दुसरीत. त्यांच्यासोबत राजधानी फिरताना जे जाणवलं ते आपल्या खात्याच्या कानावर घालावं असं वाटलं. मुंबईत बघायला भरपूर आहे; मुलांसाठी नवं काही बांधू नका, असंच मी म्हणेन. पण टेकायला जागा नाही. मूल बरोबर असलं की कुठं काय बघायचं याच्या आधी कुठं बसायचं, कुठं बाटली भरायची, पोरगं 'आई, लागलीय' म्हणालं तर कुठं न्यायचं, हे बघावं लागतं. माझ्या डोक्यातला मुंबईचा नकाशा गेटवे आणि चौपाटीचा नव्हता, स्वच्छतागृहांचा होता. मुलं घेऊन फिरणाऱ्या कोणत्याही आईला विचारा, तिचाही तोच असेल.

मुंबई आमची राजधानी झाली तीही उशिरा. माझ्या आजोबांची राजधानी हैदराबाद होती. परभणी निजामाच्या राज्यात, त्यामुळं मोठं कोर्ट, मोठा दवाखाना, सगळं तिकडंच. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मोकळा झाला, १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मुंबईला नेणारी आमची देवगिरी एक्स्प्रेस आजही हैदराबादच्याच बाजूनं येते. जुन्या राजधानीकडून निघते आणि आम्हाला नव्या राजधानीत सोडते. सत्तर वर्षं होत आली, तरी या नव्या राजधानीशी आमचं नातं अर्जदाराचंच आहे. अर्जदाराला उभं ठेवतात, पाहुण्याला बसवतात. आमच्या मुलांना पाहुणं म्हणून घ्या, एवढ्यासाठी हा पत्रप्रपंच.

रेल्वे आपल्याकडं येत नाही, पण खर्चाचा अंदाज यावा म्हणून सांगते. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात नेता येतं, पण मग बर्थ मिळत नाही. बर्थ हवा तर पूर्ण पैसे. २०१६ पासून हा नियम आहे. रात्रभराच्या प्रवासात सात वर्षांच्या पोराला बर्थ नको, असं कोणते आईबाप म्हणतील? म्हणजे चौघांची चार पूर्ण तिकिटं, जायची आणि यायची. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या तारखांना ते उघडलं कधी आणि भरलं कधी हे कळतही नाही. जेवणाचं मात्र सोपं असतं. धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि दिवाळीचा फराळ डब्यात घेतला की दोन दिवस निभतात.

सकाळी मुंबईत उतरलं की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस मुलांना आधी बाहेरून दाखवावं, असं माझं मत आहे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी ती इमारत आखली, १८७८ साली काम सुरू झालं, ते दहा वर्षं चाललं, २००४ पासून ती जागतिक वारसा आहे. यातलं काहीही मुलांना सांगून उपयोग नसतो. त्यांना म्हणायचं, या दगडात प्राणी लपलेत, शोधा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ. वर मोर आहेत, तोंड वासलेले चमत्कारिक प्राणी आहेत. सिंह इंग्रजांचा आणि वाघ आपला, हे कळल्यावर आमच्या चिरंजीवांनी वाघाच्या बाजूला उभं राहूनच फोटो काढून घेतला. याच जागेवरून, तेव्हाच्या बोरीबंदरहून, १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला पहिली गाडी गेली आणि तिला साहेब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं होती, हेही मुलांना सांगण्यासारखं. नावं असलेली इंजिनं त्यांना फार आवडतात.

पण हे सगळं पाठीवर बॅगा घेऊन. रात्रभर प्रवास करून आलेल्या कुटुंबाला सकाळी सातला काय लागतं? तोंड धुवायला पाणी, स्वच्छ संडास, कपडे बदलायला आडोसा, सामान ठेवायला कुलपाची जागा, आणि बसून चहात बिस्किट बुडवायला बाकडं. लॉजमध्ये सकाळी खोली घेतली तर पुष्कळ ठिकाणी भाडं आदल्या दिवसापासून धरतात. स्टेशनजवळच्या एका लॉजच्या मॅनेजरनं दोन्ही मुलांकडं बघून जादा गाद्यांचे असे पैसे सांगितले की मुलांच्या बाबांनी खिशातून काढलेला फोन पुन्हा खिशात ठेवला.

आपण शेगावला नक्की गेला असाल. गजानन महाराज संस्थानच्या भक्तनिवासात साध्या माणसाला परवडेल अशा दरात खोली मिळते. अंथरूण स्वच्छ, संडास स्वच्छ, सेवेकरी 'माउली' म्हणून बोलणार. शिर्डीला भक्तनिवास आहे, पंढरपूरला आहे. देवाच्या गावाला निघालेला आमच्याकडचा माणूस बायकापोरांसकट निर्धास्त निघतो, कारण पाठ टेकायची सोय आहे हे त्याला ठाऊक असतं. राजधानीच्या गावाला निघताना तो निर्धास्तपणा नसतो. पर्यटन महामंडळाची निवासस्थानं फर्दापूरला आहेत, महाबळेश्वरला, गणपतीपुळ्याला, तारकर्लीला आहेत. तसंच, पण शेगावच्या दरातलं, एक कुटुंबनिवास मुंबईत काढा. दादरला काढा, भायखळ्याला काढा. वातानुकूलित नको, टीव्ही नको. चार गाद्या, गरम पाणी आणि सकाळी सहाला उघडणारं दार हवं. ज्यांना मुक्काम करायचा नाही त्यांच्यासाठी तिथंच दोन तासांची आंघोळीची आणि सामानाची सोय ठेवा. जिल्ह्याजिल्ह्यांतून रात्रीच्या गाडीनं येणारी किती कुटुंबं एका मुक्कामाचा खर्च वाचवून परत जातील, बघा.

आमचं भागलं, कारण डोंबिवलीला माझी मावसबहीण राहते. वन बीएचकेत त्यांची चार आणि आमची चार माणसं. रात्री हॉलमध्ये गाद्या टाकल्या की दार उघडायला कोणाला तरी उठवावं लागायचं. तिनं कुरकूर केली नाही, उलट मुलांना वडापाव कुठला खायचा याचं वेळापत्रक करून दिलं. पण हे सांगायचं कारण वेगळं. परवडणारी मुंबई म्हणजे नातेवाइकांची मुंबई. माझ्या वर्गातही काही मुलांचे मामा-काका मुंबईत आहेत. कोणी बांधकामावर आहे, कोणी वॉचमन आहे, कोणी कल्याणच्या पुढं दहा बाय दहाच्या खोलीत चौघांबरोबर राहतो. अशा मामाच्या घरी सुट्टीला जाता येत नाही. ज्या हातांनी तिथले टॉवर उभे केले त्या हातांच्या भाच्यांनी ते टॉवर पाहिलेले नाहीत, आणि ही अतिशयोक्ती नाही, माझ्या हजेरीपटावर ती नावं आहेत.

डोंबिवलीहून सकाळच्या गर्दीत मुलं घेऊन लोकलमध्ये चढायचं नाही, हा बहिणीचा पहिला नियम. अकरानंतर निघायचं, चारच्या आत परतीला लागायचं, नाहीतर सरळ रात्री नऊनंतर. आम्ही तो पाळला. मी मुलांना घेऊन बायकांच्या डब्यात. तिघींच्या बाकावर चौथी बसते ती अर्धी बाहेरच असते, तरी "ये गं, चौथी सीट घे" असं म्हणून एकीनं मुलीला खेचून बसवलं. कोणत्या स्टेशनला उतरणार, हे आधी विचारून घेतलं. मुंबईची माणसं तुटक बोलतात असं आमच्याकडं म्हणतात. तुटक बोलतात खरं, पण सरकून बसतात. मुलाला त्या घोषणांचं वेड लागलं. मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही. "पुढील स्टेशन, मस्जिद" हे तो अजून घरात म्हणतो, आणि स्वयंपाकघरातून माजघरात यायच्या आत भायखळा येऊन जातं.

भायखळ्याचं सांगते, कारण मुलांची खरी मुंबई तिथं आहे. स्टेशनच पाहण्यासारखं आहे. जुन्या बांधणीची ती इमारत नीट दुरुस्त केल्याबद्दल २०२२ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक विभागाचा पुरस्कार मिळाला. तिथून राणीचा बाग चालत. नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण टॅक्सीवाल्यापासून आजीपर्यंत सगळे राणीचा बागच म्हणतात. १८६२ पासूनचा हा बाग. आईवडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपयांचं एकच कुटुंब तिकीट, हे मला या सबंध सहलीतलं सर्वांत शहाणं तिकीट वाटलं. ज्यानं कोणी ते सुचवलं त्याला कुटुंब म्हणजे काय ते माहीत होतं. हेच तिकीट बाकी ठिकाणी का नाही?

पेंग्विनसाठी रांग मोठी असते. २०१७ साली ते लोकांना दाखवायला सुरुवात झाली, तेव्हापासून ती ओसरलेली दिसत नाही. मुलांनी काचेला नाक लावून ते पाहिले, आणि पाच मिनिटांत "झालं" म्हणाली. त्यांना खरं धरून ठेवलं ते शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातल्या दगडी हत्तीनं. हा हत्ती मुळात घारापुरीचा. पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ साली त्याला इंग्लंडला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेन तुटली, हत्ती पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईतच राहिले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. माझी मुलगी त्याच्याभोवती फिरून सांधे शोधत होती. "म्हणजे तो पडला म्हणून वाचला," ती म्हणाली. इतिहासाचा असा तास मला वर्गात कधी घेता आलेला नाही.

आता एक साधं काम, ज्याला पैसेही लागत नाहीत. राणीचा बाग आणि हे संग्रहालय बुधवारी बंद. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. नेहरू तारांगण सोमवारी बंद. मुंबईकराला याचं काही नाही, तो पुढच्या रविवारी जाईल. परभणीहून आलेल्याला पुढचा रविवार नसतो. दोन दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाचा सोमवार किंवा बुधवार असाच कुलपाकडं बघण्यात गेला, तर पुढं वीस वर्षं ते लोक सांगत राहतात की मुंबईत काही नाही. कोणतं ठिकाण कधी बंद, तिकीट किती, जवळचं स्टेशन कोणतं, स्वच्छतागृह कुठं, एवढं एका कागदावर मराठीत छापून राज्यातल्या प्रत्येक एसटी स्टँडवर लावा. त्याच कागदाखाली १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक मोठ्या अक्षरात हवा. मी मुलांच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवली होती. गर्दीत हात सुटला तर काय, हा विचार परगावच्या आईच्या पोटातून एक क्षणही जात नाही. चकचकीत पुस्तिका नको. हँडबिल चालेल.

घारापुरीला आम्ही गेलो, आणि जावं की नाही यावर आदल्या रात्री डोंबिवलीत बरीच चर्चा झाली. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची इंजिनचाचणी चाललेली बोट येऊन आदळली. मृतांत लहान मूलही होतं. ते सगळ्यांच्या लक्षात होतं. गेटवेहून तासाभराचा प्रवास, वर सीगल घिरट्या घालत होते, दोन्ही मुलं कठड्याला चिकटलेली. मी सबंध वेळ लाइफ जॅकेटच्या पट्ट्या बघत होते. मोठ्या माणसाच्या मापाचं जॅकेट सात वर्षांच्या मुलाला घातलं तर ते पाण्यात त्याच्या गळ्यातून वर निघून जाईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. प्रत्येक बोटीवर लहान मापाची जॅकेट, आणि ती घातल्याशिवाय बोट सुटणार नाही, हे आपण आणि बंदर खात्यानं मिळून पक्कं करून घ्या. लेण्याविषयी मी इथं लिहीत नाही. ती तीन मुखं, वीस फूट उंच, अंधारातून हळूहळू डोळ्यांना दिसू लागतात तेव्हा कोणतंही मूल आपोआप गप्प होतं. सोबतचा मोठा माणूस गप्प राहिला तरी पुरे.

समुद्र मुलांनी पहिल्यांदा पाहिला तो मरीन ड्राइव्हला. "येलदरीपेक्षा मोठं आहे?" मुलानं विचारलं. त्यानं पाहिलेलं सगळ्यांत मोठं पाणी म्हणजे येलदरीचं धरण. दुसरा प्रश्न, पलीकडचा काठ कुठंय? दुपारी खडक उघडे होते, संध्याकाळी आलो तर नव्हते. भरती-ओहोटी मी वर्गात फळ्यावर चंद्र-पृथ्वी काढून शिकवते. तिथं काही काढावं लागलं नाही, फक्त मधले चार तास कुठं तरी काढावे लागले. आणि याचसाठी मरीन ड्राइव्ह मला सबंध मुंबईत सगळ्यांत उदार जागा वाटते. साडेतीन किलोमीटरचा कठडा, कोणीही बसा, कितीही वेळ बसा, कोणी उठवत नाही, तिकीट मागत नाही. कोट्यधीश त्याच कठड्यावर आणि आम्हीही. मुंबईनं असं आणखी काही बांधलं असतं, तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. तिथंच पूर्वी तारापोरवाला मत्स्यालय होतं, १९५१ चं. शाळेच्या सहलीत मी ते पाहिलं होतं. काही वर्षांपासून ते बंद आहे, नवं बांधायचं म्हणतात. बांधाल तेव्हा आत बाकडी ठेवा.

दुमजली बसविषयी एकच ओळ. जुन्या दुमजली गाड्या २०२३ साली गेल्या, आता विजेवरच्या थंडगार आल्या आहेत. वरच्या मजल्यावरची सगळ्यांत पुढची सीट हे मुंबईतलं स्वस्तातलं विमान आहे.

आता या पत्रातली मुख्य मागणी, विधानभवन आतून पाहू देण्याची. सीएसएमटीहून आम्ही भुयारी मेट्रोनं गेलो, ती नुकतीच कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली होती. सरकता जिना दोन्ही मुलांना नवा. मुलगी पहिल्या पायरीशी पाऊल उचलून थांबली आणि मागं लोकांचा खोळंबा झाला. एका आजोबांनी "एक, दोन, तीन" म्हणून तिला चढवलं. पोरगं मग जिन्यावरून खालीवर करत राहिलं. हुतात्मा चौकाला उतरलो. मशाल धरलेला शेतकरी आणि कामगार मुलांना दाखवला आणि सांगितलं, मुंबई आपल्या राज्यात असावी म्हणून इथं माणसं गोळ्या झेलून गेली. मुलीनं विचारलं, आपल्या परभणीसाठी पण? हो, परभणीसाठी पण. तिथं चारी बाजूंनी वाहनं वाहत असतात. शाळेतल्या मुलाच्या उंचीवर, त्याला वाचता येईल अशा मराठीत चार ओळींचा फलक आणि त्याच्यासमोर वीस मुलांना मांडी घालून बसता येईल एवढी सावली, तिथं व्हायला हवी.

चर्चगेटच्या पुढचं स्टेशन विधान भवन. मुलानं पाटी वाचली. सरकारनं दारापर्यंत गाडी नेऊन ठेवली आहे. वर आलो, रस्त्याच्या पलीकडून इमारत पाहिली. मी नागरिकशास्त्र शिकवते. विधानसभेत २८८ सदस्य, विधान परिषदेत ७८, हे माझ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. पण आपला आमदार कुठं बसतो, अध्यक्ष कुठं, सही कुठं करतात, बोलताना उभं राहतात का बसून, हे मुलांचे खरे प्रश्न असतात. अधिवेशन पाहायचं तर प्रवेशपत्र लागतं, आणि ते बरोबरच आहे. पण विधिमंडळाचं कामकाज उन्हाळ्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत साधारणपणे नसतं. हिवाळी अधिवेशन तर नागपूरला. म्हणजे राज्यभरातली मुलं ज्या दिवसांत मुंबईत येतात, नेमकं त्याच दिवसांत सभागृह रिकामं असतं.

दिल्लीत राष्ट्रपती भवन आगाऊ नोंदणी करून सामान्य माणसाला आतून पाहता येतं. लांब कशाला, टर्मिनससमोरची मुंबई महापालिकेची इमारत घ्या. तीही स्टीव्हन्स यांचीच, १८९३ ची. २०२१ साली आपल्याच पर्यटन महामंडळाला सोबत घेऊन पालिकेनं ती लोकांना आतून दाखवायला सुरुवात केली. नगरसेवकांचं सभागृह दाखवता येतं, तर आमदारांचं का नाही? सुरक्षेचा प्रश्न आहे हे कळतं. शाळेचं ओळखपत्र, आईवडिलांचं आधार, आगाऊ नोंदणी, वीस-वीसची तुकडी, हे सगळं करता येण्यासारखं आहे.

विधानभवन आपल्या खात्यात येत नाही; तो अधिकार अध्यक्षांचा आणि सभापतींचा. पण आपण त्याच सभागृहात बसता, आणि पर्यटनमंत्र्यानं मांडलेला प्रस्ताव पंचायत समितीच्या अर्जासारखा टोपलीत जात नाही. त्याला एक जुना आधारही देते. १९८१ साली हे विधानभवन झालं, त्याआधी आपलं विधिमंडळ गेटवेजवळ, आज जिथं राज्याचं पोलीस मुख्यालय आहे त्या इमारतीत भरत असे. ती इमारतसुद्धा स्टीव्हन्स यांची, आणि ती बांधली होती परगावच्या, परदेशच्या खलाशांना उतरायला. दूरवरून आलेल्या साध्या माणसाला राहायला चांगली जागा हवी, हे त्या काळी सुचलं होतं. पुढं त्याच जागेत राज्याचे कायदे झाले.

माझ्या मागण्या आपण एकत्र मांडून घ्याल म्हणून पुन्हा लिहीत नाही. त्यातली कुटुंबनिवासाची लगेच होणार नाही, त्याला जागा लागेल, निधी लागेल, फाइल फिरेल. हँडबिलाची पंधरा दिवसांत होईल. लहान जॅकेटची उद्या व्हायला हवी. विधानभवनाची मात्र तारीख मागते. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत, निदान आठवड्यातून एक दिवस, जिल्ह्यांतून येणाऱ्या मुलांना सभागृह आतून पाहू द्या आणि त्यांना तिथं पाच मिनिटं बसू द्या. आमदारांच्या बाकांवर नाही चाललं तर प्रेक्षक सज्जात.

आपलं उत्तर शाळेच्या पत्त्यावर आलं तरी मला मिळेल. ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवीन, आणि मुलं काय म्हणाली ते आपल्याला कळवीन.

कळावे,
आपली,
परभणीची एक शिक्षिका आणि आई